पेट्रोलचा दाब : मोटारींतील रेग्युलेटर घरीं तपासणें व बदलणें

आमच्या सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यास यंत्र नवें नाहीं. सन १९१० मध्यें कुंडलनजीकच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली व तेथील लोखंडी नांगर या भागांतील शिवारांत आले. पुढें साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यांतून तेलावरचीं इंजिनें निघूं लागलीं. विहिरीवरील इंजिन अडलें तर नळी सोडून, आंतील हवा काढून, पुन्हां हँडल मारून तें चालू करणारीं माणसें गांवोगांव झालीं व अद्यापि आहेत. परंतु दारांतील मोटारीचें झांकण उघडलें कीं तींच माणसें हात मागें घेतात. मोटार फार अवघड आहे हें याचें कारण नव्हे. तिच्यांतील बिघाड डोळ्यांस दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचें माप घेण्याची आपल्यास संवय नाहीं, हें खरें कारण होय.

प्रस्तुत लेखांत मोटारीच्या एका लहानशा भागाचा विचार करावयाचा आहे. इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब कायम राखणारा हा भाग. मिस्त्री लोक त्यास नुसतें रेग्युलेटर म्हणतात. मुठींत मावेल एवढी ही धातूची डबी असते, आणि ती बदलण्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाहीं. तथापि ती बिघडली आहे किंवा नाहीं हें ठरविण्यांत गफलत झाली, तर पंप, इंजेक्टर, प्लग असे चांगले भाग एकामागून एक बदलले जातात व दुखणें होतें तेथेंच राहतें. आणि बदलतांना हयगय झाली, तर पेट्रोलचा भडका होऊन माणूस भाजतो. पैसा व जीव या दोहोंचा प्रश्न असल्यामुळें विषय लहान असला तरी तो नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

दाब कशासाठीं हवा

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही प्रसिद्ध मोटार सन १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिची टाकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल केवळ उतारानें कार्ब्युरेटरांत येई. टाकींत पेट्रोल कमी असतां मोठा चढ लागला कीं कार्ब्युरेटर टाकीहून उंच जाई व इंजिन उपाशी राही. म्हणून लोक गाडी उलटी करून, मागच्या बाजूनें चढ चढवीत. पुढें पंप आला व ही अडचण सरली. तरी कार्ब्युरेटरास दाब अगदीं थोडा पुरत असे.

आपल्या देशांत सन २००० च्या सुमारास धुराविषयींचे नियम कडक झाले आणि मारुती ८०० सारख्या घरोघरच्या गाडीनेंही कार्ब्युरेटर सोडून इंजेक्टर घेतले. इंजेक्टर म्हणजे विजेनें उघडणारी बारीक तोटी. ती प्रत्येक खेपेस सेकंदाच्या कांहीं हजारांश भागापुरतीच उघडते, आणि किती वेळ उघडावयाची हें गाडींतील संगणक ठरवितो. म्हणजे संगणक पेट्रोल मोजीत नाहीं. तो वेळ मोजतो. पाळीचें पाणी तासांवर वांटलें जातें, तसाच हा प्रकार आहे. पाटांतील पाणी एकसारखें वाहत असेल, तरच एका तासाचें पाणी सर्वांस सारखें मिळतें. पाट कमी-अधिक झाला, तर घड्याळ कितीही बरोबर असो, वांटणी चुकते. इंजेक्टरांच्या मागील पाट एकसारखा ठेवणें हें रेग्युलेटरचें काम होय.

रचना

ज्यांच्या द्राक्षबागेंत किंवा उसांत ठिबक आहे त्यांस हें काम सहज समजेल. ठिबकाच्या पंपाजवळ बायपासची झडप असते. पंप गरजेहून अधिक पाणी फेकतो, बागेस हवें तेवढें पुढें जातें आणि उरलेलें त्या झडपेंतून परत विहिरींत पडतें. त्यामुळें नळ्यांतील दाब वाढत नाहीं. मोटारींतही टाकींतील विजेचा पंप गरजेहून अधिक पेट्रोल पाठवितो. तें रेल नांवाच्या नळींत येतें, रेलवर इंजेक्टर बसविलेले असतात, आणि रेलच्या टोंकास रेग्युलेटर असतो. उरलेलें पेट्रोल त्यांतून परतीच्या नळीनें टाकींत जातें.

रेग्युलेटरच्या डबींत मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस पेट्रोल, दुसऱ्या बाजूस स्प्रिंग. पेट्रोलचा जोर स्प्रिंगहून अधिक झाला कीं पडदा मागें सरतो व परतीची वाट उघडते. स्प्रिंगच्या बाजूस आणखी एक बारीक रबरी नळी जोडलेली असते. ती मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिन जेथून हवा ओढतें त्या मार्गाकडे जाते. इंजिन सावकाश चालत असतां तेथें ओढ मोठी असते. ती पडद्यास मागें खेंचते व रेलमधील दाब थोडा उतरतो. ॲक्सिलरेटर दाबला कीं ओढ कमी होते व दाब वाढतो. अशा रीतीनें इंजेक्टरच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक सदैव सारखा राहतो. ही बारीक नळी तपासणींत फार उपयोगी पडते, म्हणून ती ध्यानांत ठेवावी.

लक्षणें

रेग्युलेटर तीन रीतींनीं बिघडतो. पहिली रीत ही कीं, परतीची वाट बंद राहते व दाब फार वाढतो. मग धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते, पेट्रोलचा वास येतो व खप वाढतो. दुसरी रीत याच्या उलट. वाट उघडी राहते, दाब चढत नाहीं. गाडी सुरू होण्यास वेळ लागतो, आणि खंबाटकीसारख्या घाटांत भरल्या गाडीस जोर मागितला कीं ती अडखळते. तिसरी रीत सर्वांत वाईट. आंतील पडदा फाटतो. मग पेट्रोल त्या बारीक नळीवाटे थेट इंजिनांत ओढलें जातें, गरम इंजिन पुन्हां सुरू होतांना कुरकुर करतें, आणि जास्तीचें पेट्रोल सिलिंडरांतून उतरून इंजिनाच्या तेलांत मिसळतें. तेल पातळ झालें कीं बेअरिंगें झिजतात. तेलाच्या पट्टीस पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी न चालवितां प्रथम कारण शोधावें, आणि दुरुस्तीनंतर तेलही बदलावें.

मात्र यांतील एकही लक्षण केवळ रेग्युलेटरचें असें नाहीं. पेट्रोलचें फिल्टर तुंबलें, पंप थकला, इंजेक्टर गळूं लागला, तरी यांपैकीं कांहीं लक्षणें दिसतात.

इथेनॉलचा भाग किती

या प्रश्नांत आपल्या उसाचाही संबंध येतो. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्यास सन २००३ मध्यें शेंकडा ५ या प्रमाणानें कांहीं राज्यांत आरंभ झाला. सन २०२२ मध्यें तें प्रमाण शेंकडा १० झालें व सन २०२५ मध्यें शेंकडा २० वर पोंचलें. कृष्णाकांठच्या ज्या उसाचें बिल आपण घेतों, त्याचाच कांहीं अंश आपल्याच गाडीच्या टाकींत परत येतो. त्यामुळें या मिश्रणाविषयीं उगीच ओरड करणें किंवा त्याचे दोष झांकणें, दोन्ही आपल्यास शोभत नाहींत.

वस्तुस्थिति अशी आहे. एक लिटर इथेनॉलमध्यें एक लिटर पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते. हिशेब केला तर शेंकडा २० मिश्रणांत निव्वळ पेट्रोलपेक्षां सुमारें शेंकडा ६ ते ७ उष्णता कमी भरते. एवढ्या प्रमाणांत खप वाढला व धूर स्वच्छ असला, तर तो रेग्युलेटरचा अपराध समजूं नये. दुसरी गोष्ट रबराची. सामान्य जातीचें जुनें रबर इथेनॉलनें फुगतें, मऊ पडतें व पुढें चिरतें. १ एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणास टिकतील असे करण्याचें धोरण आहे; त्यापूर्वींच्या, विशेषतः पंधरा-वीस वर्षांच्या गाडींतील पडदा, कड्या व नळ्या यांविषयीं ही खात्री धरतां येत नाहीं. कांहीं जुन्या वाहनांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असें पेट्रोलियम मंत्रालयानेंही सन २०२५ मध्यें सांगितलें आहे. तिसरी गोष्ट ओलाव्याची. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. हंगामांत जी गाडी महिना-महिना छपराखालीं उभी राहते, तिची टाकी अर्धी रिकामी ठेवूं नये.

मोजणी

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली. तेथील एक रीत अशी कीं, बांधाचा तंटा आला असतां दोन्ही बाजूंचें म्हणणें ऐकून घ्यावें, पण हद्द मोजणीवरून ठरवावी. मोटारीसही हाच न्याय लावावा. लक्षणें हें म्हणणें आहे. दाबाचें माप ही मोजणी आहे.

पहिली तपासणी विनाखर्चाची आहे. इंजिन बंद करून रेग्युलेटरवरील बारीक रबरी नळी हलकेच ओढून काढावी व तिच्या तोंडाशीं पाहावें. आंत ओलें पेट्रोल आढळलें तर पडदा फाटला हें निश्चित झालें. पुढील तपासणीची जरूरी नाहीं, रेग्युलेटर बदललाच पाहिजे. नळी कोरडी पण चिरलेली असेल, तर प्रथम ती नळी बदलून पाहावी.

नळी कोरडी व शाबूत असेल तर दाबमापक आणावा. पेट्रोलच्या दाबाचा गेज मोटारीच्या सामानाच्या दुकानीं मिळतो; चार शेजाऱ्यांनीं मिळून एक घेतला तरी पुरतो. तो जोडण्यापूर्वीं नळींतील दाब पुढें सांगितल्याप्रमाणें उतरवावा. मग रेलमध्यें पेट्रोल नेणाऱ्या नळीवर गेज बसवून इंजिन सुरू करावें. आपल्या गाडीचा नेमका दाब कंपनीच्या पुस्तकांत पाहावा. बहुतेक अशा गाड्यांत तो दर चौरस सेंटिमीटरास अडीच ते साडेतीन किलोच्या दरम्यान असतो. इंजिन सावकाश चालत असतां बारीक नळी काढून तिचें तोंड बोटानें दाबून धरावें. कांटा सुमारें अर्ध्या किलोनें वर चढला पाहिजे. नळी पुन्हां लावली कीं तो खालीं यावा. कांटा हललाच नाहीं, तर रेग्युलेटर अडकला आहे किंवा नळींत ओढच येत नाहीं. नळीच्या तोंडाशीं बोटास ओढ लागते कीं नाहीं यावरून तें कळतें.

दाब मुळांतच कमी असेल, तर परतीची रबरी नळी फडक्यावरून पकडीनें क्षणभर दाबावी. कांटा झटकन् वर गेला तर पंप सशक्त आहे व दोष रेग्युलेटरचा आहे; कांटा जागचा हलला नाहीं तर पंप, फिल्टर किंवा येणारी नळी तपासावी. परतीची नळी कडक झाली असेल किंवा तिला चिरा असतील तर हा प्रयोग करूं नये. दाब अधिक असेल, तर इंजिन बंद ठेवून, दाब उतरवून, परतीची नळी सोडावी व टाकीचें झांकण उघडें ठेवून सायकलच्या पंपानें तिच्यांतून हवा टाकीकडे सोडून पाहावी. हवा जात नसेल तर तुंबारा नळींत आहे. रेग्युलेटर निर्दोष समजावा.

शेवटीं इंजिन बंद केल्यावर कांटा पाहावा. पांच मिनिटें तो बऱ्याच अंशीं टिकला पाहिजे. लागलीच शून्यावर आला तर रेग्युलेटर, पंपांतील झडप किंवा इंजेक्टर यांपैकीं कोणी तरी गळतें. हीं सर्व मापें तारखेसह वहींत लिहून ठेवावीं; पुढें मिस्त्रीकडे जाण्याची वेळ आली तरी ती वही दाखवितां येते.

कोणीं हात घालूं नये

पुष्कळ नव्या पेट्रोल गाड्यांस परतीची नळीच नसते. त्यांचा रेग्युलेटर टाकींत पंपाशेजारीं बसविलेला असतो. टाकी उघडण्याचें तें काम घरीं करूं नये. नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्या व ट्रॅक्टर यांच्या रेलमधील दाब हजार किलोहून अधिक असतो. त्या नळींतून सुटलेली केंसाएवढी धार कातडी भेदून मांसांत शिरते. गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या नळकांड्यांत दोनशें किलोपर्यंत दाब असतो. या तिहींस माहितगार मिस्त्रीच पाहिजे. पुढील कृति केवळ रेलवर रेग्युलेटर असलेल्या पेट्रोल गाडीसाठीं आहे.

सामान व जागा

नवा रेग्युलेटर आकार पाहून घेऊं नये. दिसण्यांत सारखे असून निरनिराळ्या दाबाचे रेग्युलेटर असतात. म्हणून जुन्यावरील अंक व गाडीच्या पुस्तकांतील भागाचा क्रमांक जुळवून घ्यावा. बरोबर नवी ओ-रिंग, म्हणजे बसवणीची रबरी कडी घ्यावी, आणि ती व पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे आहेत याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. थोडी नवी रबरी नळी व क्लिपाही आणाव्या. नळी पेट्रोलसाठीं म्हणून मिळणारीच हवी, पाण्याची चालत नाहीं.

काम दिवसाउजेडीं, उघड्या अंगणांत करावें. गोठ्यांत, पडवींत किंवा कोंदट छपराखालीं करूं नये, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंतही पोंचते. विडी, चूल, तारेवरचा दिवा जवळपास नसावा. मुलांस लांब ठेवावें. कोरड्या भुकटीचें आग विझविण्याचें नळकांडें व वाळूची बादली हाताशीं ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये. पेट्रोल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरतें. डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे घालावे. इंजिन पूर्ण थंड असावें.

कृति

१. दाब उतरविणें. पुस्तकांत पाहून पेट्रोल-पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा व इंजिन सुरू करावें. नळींतील पेट्रोल संपलें कीं तें आपोआप बंद पडेल. त्यानंतर आणखी दोन-तीन सेकंद स्टार्टर फिरवावा.

२. टाकीचें झांकण क्षणभर उघडून आंतील कोंडलेली वाफ जाऊं द्यावी. मग बॅटरीची ऋण, म्हणजे उणें खूण असलेली तार सोडून बाजूस करावी. ती सुटेपर्यंत पेट्रोलच्या कोणत्याही जोडास पाना लावूं नये. एक ठिणगी पुरते.

३. बारीक नळी काढावी. परतीच्या नळीभोंवतीं जाड फडकें गुंडाळून क्लिप सैल करावी व नळी पिळत हळूहळू सोडवावी. दाब उतरविला तरी थोडें पेट्रोल निघतेंच. तें फडक्यांत टिपावें.

४. रेग्युलेटरचे स्क्रू आळीपाळीनें सैल करून काढावे व रेग्युलेटर सरळ बाहेर ओढावा. जुनी ओ-रिंग त्याच्याबरोबर आली कीं रेलच्या भोंकांतच राहिली, हें अवश्य पाहावें. जुनीवर नवी बसली तर जोड खात्रीनें गळतो.

५. बसवणीची जागा स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कपड्यानें पुसावी. पोलादी टोंकानें खरवडूं नये. नव्या ओ-रिंगला इंजिनाच्या स्वच्छ तेलाचें बोट लावून रेग्युलेटर सरळ दाबून बसवावा. तिरपा बसला तर कडी कापली जाते.

६. दोन्ही स्क्रू प्रथम हातानें व मग पान्यानें थोडे थोडे, आळीपाळीनें आवळावे. रेल बहुधा हलक्या धातूची असते. जोर केल्यास आंटे निघून जातात. दोन्ही नळ्या जागच्या जागीं लावून क्लिपा बसवाव्या.

७. सांडलेलें पेट्रोल पुसून वाफ उडूं द्यावी. मग फ्यूज व बॅटरीची तार जोडावी. इंजिन सुरू न करतां किल्ली दोन-तीन सेकंद चालू करून बंद करावी. असें तीन-चार वेळां करावें. पंप नळी भरतो. तेवढ्यांत प्रत्येक जोड बारकाईनें पाहावा. थेंब दिसला तर पुन्हां पहिल्यापासून दाब उतरवून जोड दुरुस्त करावा. गळत्या जोडावर इंजिन सुरू करूं नये.

८. सर्व कोरडें असल्यास इंजिन सुरू करून पुन्हां पाहावें, गेज लावून पूर्वींचींच मापें घ्यावीं व वहींत पहिल्या मापांशेजारीं लिहावीं. मग दोन-चार मैल फिरून यावें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकदां जोड तपासावे. पेट्रोलनें भिजलेलीं फडकीं घरांत न ठेवतां उघड्यावर वाळवावीं.

दुरुस्ती झाली हें केव्हां समजावें

गाडी सुरू झाली, एवढ्यावरून दुरुस्ती झाली असें समजूं नये. बिघाड अर्धवट असला तरी गाडी सुरू होते. माप पुस्तकाशीं जुळलें, कांटा टिकला, धूर स्वच्छ झाला व पट्टीवरील तेलाचा वास गेला, म्हणजेच काम पुरें झालें. नवा रेग्युलेटर बसवूनही दाब पूर्वींइतकाच कमी राहिला, तर दुसरा रेग्युलेटर आणण्यास धांवूं नये. फिल्टर व पंप यांकडे वळावें.

एखादा मिस्त्री माप न घेतां भाग बदलण्यास सांगूं लागला, तर शेतकरी बंधूंनीं त्यास नम्रपणें एवढेंच विचारावें कीं, दाब किती आहे? चांगला मिस्त्री या प्रश्नानें रागावत नाहीं. तो गेज काढतो. ज्या कामास त्याची गरज नाहीं तें आपण अंगणांत करावें, ज्यास आहे तें त्याच्यावर सोंपवावें, आणि दोन्ही वेळां मोजणी आधीं व खर्च मागून हा क्रम मोडूं नये.